पिन्हास झिराडकरने राखलेली धार

आमच्या बेने इस्राएल ज्यूंत न्हावी सहसा सापडायचा नाही. कोकणात तेली होते, मुंबईला येऊन सुतार, कारकून, कंपाउंडर झाले. लोकांच्या डोक्याला हात घालायचा धंदा आमच्या ओळखीत एकट्या पिन्हास झिराडकरनेच धरला. भायखळ्याच्या सलूनमध्ये तो रहमत उस्तादांच्या हाताखाली बारा वर्षं उभा होता. उस्ताद थकले तेव्हा त्यांनी आपली जर्मन पोलादाची कात्री त्याला दिली. त्या कात्रीपायी या माणसाने आम्हा शेजाऱ्यांना किती छळलं ते मलाच ठाऊक. सहा वर्षं त्याच्या नि माझ्या बिऱ्हाडात एकच भिंत होती.

१९५१ साली आम्ही एकाच विमानाने इस्राएलला आलो. बेरशेबाजवळच्या पत्र्याच्या छावणीत काम वाटणारी कचेरी होती, लिश्का. तिथल्या कारकुनाने धंदा विचारला. पिन्हासने छाती काढून न्हावी म्हणून सांगितलं. कारकुनाने ते नीट लिहून घेतलं आणि त्याला कुदळ दिली. मलाही दिली, मी कंपाउंडर. मग रस्ते, झाडांसाठी खड्डे, पुन्हा रस्ते. संध्याकाळी मिटलेली मूठ उघडायची तर एकेक बोट दुसऱ्या हाताने सरळ करावं लागे.

पण शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आत, पिन्हास बिस्किटांचा डबा काढी. फ्लॅनेलच्या तुकड्यातून कात्री बाहेर येई. आधी तो पाती पुसायचा, मग कापडाचं टोक स्क्रूपाशी फिरवून आत शिरलेली रेती काढायचा, मग तिथे तेलाचा एक थेंब. एकच. त्याच्या आजोबांचा घाणा होता, तेल वाया घालवणं त्याला पाप वाटे. शेवटी एक पातं वर उचलून सोडायचं. ते अर्ध्यावर येऊन थांबलं की स्क्रू बरोबर. भसकन मिटलं तर सैल, हललंच नाही तर घट्ट. त्याची बायको जूडिथ समोर बसून हे सगळं बघायची. दिवसभर फरशा पुसून आलेली असायची बिचारी. तिला त्या कात्रीने दोरासुद्धा तोडायची बंदी होती.

इतकं करून तो केस मात्र कुणाचेच कापत नसे. म्हणे, इथे हवेत रेती, केसांत रेती, चार डोकी केली की धार मेली. इथला धार लावणारा सुऱ्यांना लावतो तशी लावणार, आणि प्रत्येक वेळी पातं झिजणार. कात्रीला मोजून वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य, त्यातली निम्मी उस्तादांकडे गेली. उरलेली त्याला स्वतःच्या खुर्चीसाठी राखायची होती. एक दिवस खुर्ची मिळेल, या एका आशेवर तो कुदळ उचलत होता. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्याच्या हातापाया पडलो, तरी नाही म्हणाला. मी छावणीतल्या मेंढ्या कातरणाऱ्या माणसाकडून केस कापून घेतले आणि तसाच लग्नाला उभा राहिलो. तो राग माझ्या मनातून गेला नव्हता.

छावणी मोडल्यावर आम्हाला डिमोनाला घरं मिळाली. १९५७ साली तिथल्या बाजारात त्स्वी नावाच्या रुमानियाच्या माणसाने सलून उघडलं. त्याला दुसरा कारागीर हवा होता. पिन्हासने जाऊन विचारलं; त्स्वी म्हणाला, एक गिऱ्हाईक घेऊन ये आणि हात दाखव. गिऱ्हाईक म्हणून पिन्हासने मला नेलं. सहा वर्षांनी साहेबांना माझी आठवण झाली.

मी खुर्चीत बसलो. आरशात सगळं दिसत होतं. त्याने डबा उघडला, पातं उचलून सोडलं, ते अर्ध्यावर थांबलं. त्स्वीने मान डोलावली. मग पिन्हासने कात्रीच्या कडीत अंगठा घातला आणि तो नखापाशीच अडला.

त्याने जोर केला. डब्यातल्या बाटलीतला तेलाचा थेंब त्याने त्या दिवशी स्वतःच्या अंगठ्याला चोळला. अंगठा कसाबसा आत गेला, पण कुदळीने सुजून जाड झालेलं पेर वळेना. कानावर दोन-तीन वेळा कात्री चालली, आणि हातात गोळा आला. त्स्वीने आपली मोठ्या कड्यांची कात्री पुढे केली. अंगठा मोकळा बसला, पण हात तोच होता. त्स्वी माणूस वाईट नव्हता. पिन्हासची कात्री उजेडात धरून म्हणाला, इतकी नीट ठेवलेली कात्री आजवर पाहिली नाही. विकणार असशील तर सांग. पिन्हास नाही म्हणाला.

आम्ही घरी आलो, मी एका कानावर कापलेला, दुसऱ्यावर तसाच. माझा राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं रडू येत होतं. मला स्टुलावर बसवून जूडिथने भाजीची कात्री घेतली. तेव्हा पिन्हासने डबा तिच्यापुढे सरकवला.

"ही घे. अंगठाच हलव, बाकी हात निजू दे."

तिचा अंगठा अलगद कडीत गेला. वाकडंतिकडं का होईना, पण तिने पुरं केलं.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. कात्री बाहेर आलेली होती. स्क्रूपाशी माझे दोन केस अडकले होते आणि ते काढायला त्याला फार वेळ लागत होता, बोटांत धरताच येत नव्हते. निघाले तेव्हा त्याने ते फ्लॅनेलवर ठेवले आणि बघत बसला.

"तुज्या लग्नाला कापाया होवे होते रे, नेहेमिया," तो म्हणाला. "तवा हात होता."