सुईणीची लेक

मार्था सोनईची सुईण. अवघडलेल्या बाईच्या तोंडाकडे नुसतं बघून मार्थेच्या पोटात कालवायचं, आणि कालवलं की ती कुणाचं न ऐकता बाईला बैलगाडीत घालून नगरला धाडायची. तिची लेक हन्ना नगरच्या मिशन दवाखान्यात मारे नर्स झाली होती. आई काय करते असं कुणी विचारलं, तर "शेतात जाते" म्हणायची.

आईचं हे कालवणं लेकीतही उतरलं होतं. एकदा ती डॉक्टरीणबाईंना म्हणून गेली, "ही बाई मला बरी वाटत नाही." ताप किती, नाडी किती, बाईंनी विचारलं. दोन्ही ठीक होतं. पुढे कितीतरी दिवस बरोबरीच्या नर्सा हसत होत्या, "हन्नाच्या अंगात येतं." भगताच्या अंगात येतं तसं, उपासनेत गाणाऱ्या ख्रिस्ती पोरीच्या! हन्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मार्थेने गावातल्या राहीबाईला बाळंतपणासाठी असंच नगरला पाठवलं. मुलगी झाली, सुखरूप. दुसऱ्या दिवशी दुपारी हन्ना खाटेशी आली, तर राहीबाई गोधडीचं टोक उगाच चिमटीत ओढत होती.

"काय होतंय?"

"काई न्हाई. जीव कुठं लागंना."

हन्नाच्या पोटात कालवलं. ताप नव्हता. नाडी जराशी जलद, पण उकाडाही होताच. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या. हन्ना त्यांच्या दारापर्यंत गेली. सांगायचं काय, तर मनात येतंय? पुन्हा सगळ्या हसणार. ती मागे फिरली आणि राहीबाईचा ताप परत बघितला.

दिवेलागणीच्या आत राहीबाई गेली. रक्त आतल्या आत साचलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, तुझा दोष नाही, असं बाई म्हणाल्या. त्या दारापर्यंत आलेली हन्ना त्यांना दिसलीच नव्हती.

बाळाला न्यायला राहीबाईच्या घरच्यांबरोबर मार्था आली. लेकीला बाजूला घेऊन तिने विचारलं, "तुला आधी काईच जानवलं न्हाई?"

"ताप नव्हता, आई. नाडीही तशी ठीक होती."

मार्था म्हणाली, "मला तिकडनं धाडतानाच कसंतरी वाटत हुतं. पर तुमा शिकलेल्यांना कळलं न्हाई, तर मला अडानी बाईला काय कळनार? आता मीबी असलं मनाचं ऐकायचं सोडते."

लाजेने हन्नाचे कान तापले. मलाही जाणवलं होतं, एवढं अजूनही सांगता आलं असतं. ती खाली मान घालून बाळाला दुपट्यात गुंडाळत राहिली.