विमलाची आखणी

विमला मेस्त्रीला खेळणी जमवणाऱ्या मोठ्या माणसांची कीव यायची. कीव म्हणायचं आपलं, खरं तर तिच्या मनात त्यांच्याबद्दल शुद्ध तुच्छता होती आणि ती लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. "चाळिशीचा बाप्या, ढेरी सुटलेली, आणि बाहुल्याला हात लावायचा तर हातमोजे घालतो," ती शेजारणींना सांगायची. "पोराला खोकला झाला तर ह्याला पत्ता नसतो. बाहुल्याच्या खोक्याचा कोपरा दुमडला की ह्याला जेवण जात नाही."

आणि तरी गेली चार वर्षं ती याच लोकांच्या बाहुल्या रंगवत होती. त्याचं असं झालं.

विमलाचं खरं काम गणपतीचं. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर तिच्या मामाचा मूर्तींचा कारखाना. मामा कुडाळहून आलेला. आता मामा फोटोत आहे आणि कारखाना त्याचा मुलगा बाळा बघतो. पत्र्याची शेड, वर ताडपत्री, आत ओळीने देव. बाळा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, दोघं एकाच ताटात जेवलेले, पण हात मामाने दिला तो भाचीला. ती आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पापणीची रेघ, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. मूर्तीच्या अंगाला रंग कोणीही देईल, त्याला काय, भिंतीलाही देतात. डोळ्यांना मात्र एकच हात लागतो, आणि तो थरथरला की देव तिरळा. मंडळाचा चौदा फुटी गणपती सव्वीस वर्षं विमलाने शिडीवर चढून आखला होता. मिरवणुकीत लोक रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे, ही विमलाची आखणी. साठी उलटली तरी तिला तांदूळ निवडायलासुद्धा चष्मा लागला नव्हता.

मामाचे नियम कडक. आखणी सगळ्यात शेवटी, उपाशीपोटी, तोंडातून शब्द न काढता. आणि बिनडोळ्यांचं काहीही उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. देव सोडा, देवाच्या पायाशी बसलेला उंदीरसुद्धा नाही. एकदा एक व्यापारी अर्धवट मूर्ती मागायला आला, म्हणाला डोळे आम्ही तिकडे काढून घेऊ. मामाने त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावला होता.

मुलुंडला बाविसाव्या मजल्यावर राहणारा हर्षद घरचा गणपती न्यायला आला, तेव्हा त्याने विमलाचे डोळे पाहिले आणि येडाच झाला. बँकेत कॉम्प्युटरचं मोठं काम करणारा माणूस. त्याच्या घरातली एक अख्खी खोली बाहुल्यांना दिलेली, आणि त्याची आई हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. सीझन संपला की आठ महिने विमलाचा हात रिकामाच असायचा. हर्षद बोटभर उंचीचे सैनिक मरोळच्या कुठल्याशा गाळ्यात मशीनवर छापून आणायचा आणि ती ते रंगवायची. पैसे चोख मिळायचे, उगाच खोटं कशाला बोला. पण बसून ऐकावं लागायचं ते भयंकर. एक दिवस हर्षदने तिला एक बाटली दाखवली. परदेशातून मागवलेला चिखल. सैनिकांच्या पायांना लावायचा, खरा वाटतो म्हणे.

"चिखल विकत आणलास तू?" विमला म्हणाली. "भटवाडीत ये रे पावसाळ्यात. फुकट देते, वर चहा पाजते."

हर्षद हसला. त्याला वाटलं काकू गंमत करतायत.

यंदा मेमध्ये मुलुंडच्या एका हॉलमध्ये खेळणी जमवणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. देखाव्यांची स्पर्धाही होती, आणि हर्षदने त्यासाठी देखावा मांडायला घेतला. ते लोक त्याला डायोरामा म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, तेच हे, फक्त पोरांच्या गुडघ्याला माती लागते आणि यांच्या लागत नाही. रात्रीचा छापा, काळा कडा, आणि दोर धरून चढणारे एकशे बारा मावळे. हरभऱ्याएवढं डोकं आणि त्यात खसखशीएवढे डोळे. विमलाने मनापासून काम घेतलं. तुच्छता आपल्या जागी, हात आपल्या जागी.

मार्चमध्ये हर्षदने तिला कडा बघायला घरी बोलावलं. तिथे त्याचे तीन दोस्त बसले होते. त्यांच्यातला बोरिवलीचा एक बाहुल्यांची चारशे खोकी बाळगून होता आणि त्यातलं एकही त्याने उघडलेलं नव्हतं. त्याने विचारलं, "रंगकाम कोणाचं रे?"

"डिझाइन, लाइट, कन्सेप्ट, सगळं माझं," हर्षद म्हणाला. "काकू फक्त रंग भरतात."

काकू तिथेच चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फक्त रंग भरतात. देव जिच्या हातून बघायला लागतो, ती फक्त रंग भरते. तिने चहा तसाच ठेवला आणि घरी आली, आणि येतानाच तिने ठरवलं की आता याचं नाक भर हॉलमध्ये कापायचं.

तिने एकशे बाराही मावळे रंगवले. मुंडाशी, मिशा, कमरेचे शेले, पायाची नखं, सगळं. डोळे तेवढे काढले नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता कातडीचा रंग, अंड्यासारखा गुळगुळीत. माल दिला तोही आदल्या संध्याकाळी, म्हणजे बोंब मारायला वेळ उरू नये. पिशवी घेऊन बाहेर पडताना तिला मामाचा नियम आठवला नाही असं नाही. पण बाहुल्यांना कसला आलाय नियम, असं तिने स्वतःला सांगितलं. हे काम घरचं, कारखान्याचं नव्हे, असंही सांगितलं. रागात माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी लग्नात नेसायची जांभळी साडी नेसून ती प्रदर्शनाला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. हर्षदचा चेहरा पडताना तिला पुढच्या रांगेत उभं राहून बघायचा होता.

आत बघते तर सगळे बाप्ये. बायका होत्या त्या खुर्च्यांवर बसून मोबाइल बघत होत्या, नवऱ्याचा दात काढून होईपर्यंत दवाखान्यात बसावं तशा. एका टेबलावर सीलबंद खोकी रचलेली आणि शेजारी पाटी, श्वास जपून घ्या. अंधेरीच्या एकाने कापसाचा धूर करून अवकाशातली लढाई मांडली होती आणि त्या कापसावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं, की अवकाशात धूर वर जातो का बाजूला. चांगले शिकलेले लोक. विमला त्यांच्यामधून साडी सावरत गेली आणि हर्षदच्या कड्यापाशी जाऊन उभी राहिली. काचेच्या पेटीत कडा, निळा दिवा, आणि एकशे बारा आंधळे दोराला लटकलेले.

लोक आले. वाकले. फोटो काढले. कोणी म्हणालं दोराचा पीळ बघ, कोणी म्हणालं तलवारीचा गंज काय जमलाय यार. बोरिवलीच्या खोकीवाल्याने त्या विकतच्या चिखलाची तारीफ केली. तास गेला, दोन तास गेले. डोळ्यांचं कोणी बोलेना. खुद्द हर्षदने प्रत्येक मावळा स्वतःच्या चिमट्याने जागेवर बसवला होता, त्यालाही काही खटकलं नव्हतं. विमलाला आधी हसू येत होतं, मग येईनासं झालं.

मग परीक्षक आले. विद्याधर म्हणून पार्ल्याचे गृहस्थ, निवृत्त, झब्बा, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी भिंगातून दहा मिनिटं कडा बघितला. मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिलं बक्षीस. मला विशेष वाटलं ते या चेहऱ्यांचं. एकेका मावळ्याच्या डोळ्यांत काय तेज आहे."

टाळ्या पडल्या. विमलाच्या तोंडात शिवी आली होती ती तिने गिळली.

"त्यांना डोळे नाहीत," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"डोळे नाहीत. एकालाही नाही. मी काढलेच नाहीत. बघा परत, भिंग लावून बघा."

विद्याधर वाकले. हर्षद वाकला. त्याचा चेहरा पांढरा पडला, अगदी तिला हवा होता तसा. त्या सुखासाठी तिने जांभळी साडी नेसली होती आणि ते सुख तिला जेमतेम दोन श्वास मिळालं.

कारण विद्याधरांनी मान डोलवायला सुरुवात केली. "अरे वा," ते सावकाश म्हणाले. "रात्रीचा छापा. ज्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत अशी माणसं. म्हणून चेहरा दिला, पण ओळख दिली नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फार खोल विचार आहे हर्षद."

"तोच विचार होता सर," हर्षद म्हणाला. बँकेत वर चढलेला माणूस, त्याला शिकवावं लागत नाही. त्याने विमलाच्या खांद्यावर हात ठेवला. "काकूंचीच कल्पना खरं तर."

आणि लगेच त्याने पेन काढून पेटीवरच्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, रंगकाम आणि संकल्पना, विमला मेस्त्री, घाटकोपर. कोणीतरी तिच्या हातात ट्रॉफीची एक बाजू दिली. फोटो निघाला. मागे कडा, मागे कार्ड, मधे विमला, आणि तिच्याभोवती दात दाखवणारे हे सगळे अक्कलशून्य. तिचं नाव चार लोकांत लागलं ते असं, जे काम तिने केलंच नव्हतं त्याच्यावर.

घरी येऊन तिने साडी घडी केली आणि शेजारणीला म्हणाली, "आंधळ्यांचा बाजार आहे सगळा. डोळे फोडून ठेवले तरी कळायचं नाही मेल्यांना." आणि विषय संपला असं तिला वाटलं.

फोटो फिरत फिरत चौथ्या दिवशी भटवाडीत पोचला. बाळाने तिला शेडमध्ये बोलावून घेतलं. तो पाटावर बसला होता, हातात मोबाइल. दोन बोटांनी त्याने फोटो मोठा केलेला. बक्षीस, साडी, ट्रॉफी, कशाकडेच त्याचं लक्ष नव्हतं. पडद्यावर एका मावळ्याचं डोकं होतं. पलीकडे प्रांजल रंग कालवत होती. आर्ट स्कूलमधली पोर, दोन सीझन विमलाच्या हाताखाली शिकत होती.

"ह्या तुझा काम?" बाळाने विचारलं. तो मालवणीवर आला की समजायचं प्रकरण गंभीर आहे.

"होय."

"एकाकय डोळे नाय."

अख्ख्या हॉलला, भिंगवाल्याला, त्या हातमोजेवाल्यांना जे दिसलं नाही ते या माणसाला एवढ्याशा मोबाइलवर दिसलं होतं. क्षणभर तिला बरं वाटलं, खोटं नाही.

"विमला, खरा सांग," बाळा म्हणाला. "तुका दिसना नाय काय? मोतीबिंदू झालो असात तर त्येची लाज कसली. वय झाला आपला. पण मुद्दाम सोडलं असशीत..." त्याने वर मामाच्या फोटोकडे बघितलं. "तर ह्या उंबऱ्याच्या आत येव नको."

शेडमध्ये पंखा घरघरत होता. प्रांजलने रंग कालवणं थांबवलं होतं. विमलाने ओळीने बसलेल्या मूर्तींकडे बघितलं, पांढऱ्या, डोळ्यांची वाट बघत असलेल्या. चाळीस वर्षं ती त्या उंबऱ्याच्या आत येत होती. दुसरीकडे जायला तिला जागा नव्हती, आणि असती तरी गेली नसती.

"दिसना नाय, बाळा," ती म्हणाली.

बाळाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिला नीट दिसलं. "आधी सांगायचा ना गो," तो म्हणाला.

श्रावणात मंडळाची माणसं चौदा फुटी मूर्ती बघायला आली. प्रांजल शिडीवर होती. विमला खाली मूर्तीच्या पायाशी बसून पीतांबराला पिवळा लावत होती. मंडळाचा एकजण म्हणाला, "मावशी यंदा खाली कशा?"

"डोळे बिघडलेत तिचे," बाळा हळू आवाजात म्हणाला. "आता फक्त रंग भरते."

तेवढ्यात प्रांजल शिडीवरून उतरली, चार पावलं मागे झाली आणि सवयीने म्हणाली, "मावशी, बघ ना, बरोबर आलेत?" मग तिने जीभ चावली. "सॉरी मावशी."

विमलाने मान वर केली. डाव्या पापणीची रेघ तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी खाली उतरली होती. देव तिरळा नव्हता झाला, पण कोणाकडे बघत नव्हता. मंडळाच्या लोकांना ते दिसलं नाही, बाळाचंही लक्ष नव्हतं. तिला खालून स्पष्ट दिसत होतं.

"मला काय कळणार गं," ती म्हणाली, आणि ब्रश पिवळ्यात बुडवून तिने पीतांबराचा राहिलेला काठ भरायला घेतला.