कोपराचा किल्ला

सासऱ्यांचं आणि माझं पटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून नवऱ्याने त्यांना कोल्हापूरजवळच्या गावाहून डब्लिनला आणलं. दोन हजार वीसचा फेब्रुवारी होता. यायचे होते थोड्या दिवसांसाठी. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि सिटीवेस्टच्या आमच्या छोट्या घरात ते अडकले. मी औषधांच्या कारखान्यात, त्यामुळे मला पाळीला जावंच लागायचं. नवरा वरच्या खोलीत हेडफोन लावून दिवसभर मीटिंगमध्ये. घरात भांडायला उरलो आम्ही दोघं, आणि ते आम्ही मन लावून केलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावायची ते सांगितलं, मास्क नाकावर घ्या म्हटलं, की दोन्ही हात कोपरांपर्यंत चिकटवून माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "कोपरापासून हात जोडतो बाई तुला." म्हणजे पुरे कर. मी कपाटाचं दार आपटायचे. एकदा असं आपटलं की बिजागरी निघून हातात आली.

त्या वर्षी माझं डोकं फिरायला आणखी एक कारण होतं. एप्रिलमध्ये आम्ही दोघं चेक देशात जाणार होतो. कार्लोवी वारी नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि त्याच्या आसपास किल्ले, महाल, जुनी तटबंदीची गावं. मी वर्षभर वाचून काढलं होतं. ते गेलं. विमान कंपनीने कुपन दिलं आणि मी ते फाडलं. फ्रिजवर लावलेले फोटो मात्र काढवले नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी इथे पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. दिवाळी तोंडावर आली तशी सासऱ्यांनी बाहेरच्या हिरवळीचा कोपरा फावड्याने उकरायला घेतला. "पोरं न्हाईत म्हणून काय झालं? दिवाळीला दारात किल्ला नगं?" ते पन्हाळा करणार होते. मी म्हटलं, करायचाच असेल तर हा करा, आणि फ्रिजवरचा फोटो काढून त्यांच्यापुढे आपटला. लोकेतचा किल्ला. खरं तर त्यांना डिवचायलाच.

"दिवाळीत परक्याचा किल्ला? ह्यो कुणाचा?"

"लोकेत म्हणजे त्यांच्या भाषेत कोपर. नदी तिन्ही बाजूंनी कोपरासारखी वळलीय ना, म्हणून."

त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि नदीचं वळण बोटाने गिरवलं. मग म्हणाले, "गडाला एकच वाट हाय. तीन अंगांनी पानी. शाना हुता बांदनारा. घेतला कुनी?"

मग मी वाचलेलं सांगत सुटले. एका राजाने रागाच्या भरात आपल्याच राणीला आणि लहानग्या मुलाला तिथे कोंडलं होतं. पोराला म्हणे तळघरात अंधारात ठेवलं. पुढे त्या किल्ल्याचा तुरुंग झाला, आणि आता तळघरात छळाची हत्यारं मांडून ठेवलीत. जवळच खेब नावाचं गाव, तिथे एका नावाजलेल्या सेनापतीला त्याच्याच फौजेतल्या आयरिश सरदारांनी निजायच्या कपड्यांत भोसकलं. त्याआधी त्याच्या माणसांना किल्ल्यावर मेजवानीला बोलावून जेवता जेवता कापलं होतं.

"हितली मानसं? तितं जाऊन?" सासरे खाली बसले. "जेवायला बोलवून? फितुरीच की ही." त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. चहा गार झाला तरी ते विचारतच राहिले.

किल्ला मात्र झकास झाला. खालचा खडक इथल्या चिकट मातीचा, नदी निळ्या प्लास्टिकची, गावातली लाल छपरं दुधाच्या खोक्यांची. हाळीव त्यांनी हीटरशेजारी ताटात उगवलं आणि आयता हिरवा पट्टा उतारावर नेऊन थापला. कणकेचे मावळे भाजून रंगवले आणि सगळ्यात उंच बुरुजावर महाराजांना बसवलं.

"बाबा, तिथे कोणी मराठा गेला नव्हता," मी म्हटलं.

"आता गेला," ते म्हणाले.

धनत्रयोदशीला संध्याकाळी मी चकल्या तळत होते. समोरच्या मैदानावर पाच-सहा टारगट पोरं जमली होती. हॅलोविनचे उरलेले फटाके त्यांच्याकडे होते. इथे फटाके बेकायदा, पण ते महिनाभर उडतच असतात. आमच्या घरांना कुंपण नाही. हिरवळ संपते तिथे रस्ता सुरू. एक जण आला आणि त्याने किल्ल्याच्या दरवाजात बाण खोचून पेटवला. आवाज झाला तशी मी खिडकीशी गेले. सासरे तोवर बाहेर पोचले होते, पायात नुसते मोजे, डोक्याला माकडटोपी. कोल्हापुरातल्या ठेवणीतल्या शिव्या घालत ते किल्ल्यापुढे उभे राहिले. पोरं त्यांच्या आवाजाची नक्कल करत होती. एकाने बुरुजावर लाथ घातली. सासऱ्यांनी त्याची कॉलर धरली. दुसऱ्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं आणि ते फुटपाथच्या काँक्रीटच्या कडेवर उजव्या कोपरावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. पोरं हसली.

माझ्या हातात झारा तसाच होता, तेलातून काढलेला. मी धावत गेले आणि ढकलणाऱ्याच्या पाठीत हाणला. मग दंडावर. तो किंचाळला, मी आणखी एक दिला. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ती सगळी पळाली. पळता पळता एकाने उरलेला किल्ला तुडवला.

गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आले आणि त्यांनी सौम्यपणे विचारलं की मी कुणाला मारलं का. शेजारच्या आयरिश आजी गाऊनवरच दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, बिचारी चमचा घेऊन मदतीला आली, मी स्वतः पाहिलं. मग माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

हॉस्पिटलमध्ये मला आत सोडलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवरून भाषांतर करत होते. कुणीतरी डॉक्टर आला आणि त्या वर्षीच्या रीतीप्रमाणे त्याने गमतीने आपलं कोपर पुढे केलं असावं, कारण सासरे ओरडले, "आता ह्यो बी मारतोय का काय!" मला हसू आलं आणि तसंच रडूही आलं. कोपराच्या हाडाचे तुकडे झाले होते. ऑपरेशन करून तारा घातल्या, धातूची पट्टी बसवली.

व्हिडिओवरची फिजिओ बाई स्पष्ट बोलणारी होती. येत्या काही महिन्यांत कोपर वाकलं नाही तर ते तसंच आखडून राहील, हात तोंडापर्यंत पोचणार नाही. मी ते सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. डाव्या हाताने जेवणं त्यांना मरणाहून वाईट. चमच्याने भरवू म्हटलं तर ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर उडाली, तिचा डाग अजून आहे. मग ते दार लावून, आमच्याकडे पाठ करून, डाव्या हाताने थोडंसं खायचे आणि ताट तसंच ठेवायचे. गळ्याची हाडं दिसायला लागली.

वाकवायचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्याला बापाचं ओरडणं सोसत नव्हतं. तो हेडफोनचा आवाज वाढवायचा. मी टेबलावर त्यांचा दंड दाबून धरायचे आणि मनगट वर रेटायचे. ते मला नाही नाही ते बोलायचे. मीही बोलायचे, सासऱ्याला सुनेने बोलू नये असं सगळं. एकदा त्यांनी डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. मी मनगट सोडलं नाही. दोघंही घामाघूम व्हायचो आणि कोपर तसूभर हलायचं.

जानेवारीत मला सुचलं. मागच्या दारी बादलीत मोडक्या किल्ल्याची माती पडली होती. मी ती भिजवून ताटात त्यांच्यासमोर ठेवली आणि एक वेडावाकडा बुरूज उभा केला.

"हे काय करतीयास?"

"लोकेत आहे. घ्या."

"काय घ्या?"

"किल्ला घ्या. कुणी घेतला म्हणून विचारत होतात ना? तुम्ही घ्या. पण उजव्या हाताने."

पहिल्या दिवशी त्यांनी बोटांनी नुसता तट ओरबाडला. काही दिवसांनी चापट मारली. मी रोज कारखान्यातून आले की किल्ला बांधायचे आणि ते रोज पाडायचे. ठोसा जोरात बसायचा तर हात मागे ओढावा लागतो, आणि मागे ओढायचा तर कोपर वाकतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते माझ्याकडे रागाने बघत राहिले, मग पुन्हा बुरुजाकडे वळले. मी माती जास्त घट्ट मळायला लागले, बुरूज जास्त जाड करायला लागले. कधी ते राणीला सोडवायला आलेले असायचे, कधी त्या सेनापतीचा सूड घ्यायला. त्या ढकलणाऱ्या पोराच्या नावाने तर त्यांनी किती तट फोडले, देवालाच ठाऊक. स्वयंपाकघरात छतापर्यंत चिखल उडायचा. मी पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे.

इथला उन्हाळा लागायच्या आधी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, गावाकडून फोनवर एकेका माणसाच्या जाण्याची बातमी येत होती. त्या दिवसांत ते किल्ल्यावर असे तुटून पडायचे की मला भीती वाटायची. एकदा ताटच फुटलं. त्याच संध्याकाळी ते आमच्याबरोबर टेबलाशी बसले आणि वरणभाताचा घास उजव्या हाताने उचलला. हात पुरता पोचला नाही. उरलेलं अंतर त्यांनी मान खाली करून भागवलं. ते जेवले, दोनदा भात घेतला.

उन्हाळा संपता संपता विमानाचं जमलं. विमानतळावर प्रवाशांनाच आत सोडत होते, म्हणून फुटपाथपाशीच निरोप घ्यायचा होता. नवरा सामान उतरवत होता. मी त्यांचा मास्क नाकावर नीट केला, कागद कुठल्या खिशात आहेत ते पुन्हा सांगितलं. सवयीने त्यांनी हात वर केले. तळवे जुळले, पण उजवं कोपर बाहेरच राहिलं, डाव्याला जाऊन भिडेना.

"कोपरापासून हात जोडतो बाई तुला," ते म्हणाले. या वेळी ते चिडलेले नव्हते.

मला रडू येत होतं आणि रागही आला होता. त्या पोरांचा, त्या काँक्रीटचा, सगळ्याचा. मी त्यांचं मनगट धरलं.

"अजून वाकवा," मी म्हटलं.

त्यांनी दात आवळले, एक सणसणीत शिवी हासडली आणि वाकवलं.