लेकीच्या घरात दोघी

लेकीचं पहिलं बाळंतपण मीच करायचं, हे तिच्या लग्नापासून माझ्या मनात होतं. पण परदेशात जायचं तर व्हिसा लागतो, आणि माझा अडकला. म्हणून आधी विहीणबाई गेल्या. माझा व्हिसा आला की मी जायचं, आठवडाभर दोघींनी एकत्र राहायचं आणि मग त्यांनी परतायचं, असं ठरलं.

"आमच्या टेलिफोन ऑफिसात याला चार्ज देणं म्हणतात," त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

मी पोचले आणि चार दिवसांत साथीमुळे विमानं बंद झाली. त्या तिथेच राहिल्या आणि चार्जही त्यांच्याकडेच राहिला.

विहीणबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. नवरा लवकर गेला, तेव्हा रात्रपाळीला मुलाला बरोबर न्यायच्या. आमचे जावई टेलिफोनच्या स्विचबोर्डामागच्या बाकावर झोपून मोठे झाले. त्यामुळे असेल, बाईंना अंगाई म्हणून ठाऊकच नाही. नातीला खांद्यावर टाकतात, हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात आणि कोरड्या आवाजात सांगतात, "थांबा. लाईन बिझी आहे. जोडून देते, थांबा." आणि कार्टी झोपते. मी गाणं शिकलेली बाई. मी सूर लावला की तिचा ओठ बाहेर येतो.

"सवय हो, दुसरं काय," विहीणबाई माझी समजूत घालतात. ती समजूतच मला जास्त झोंबते.

एकदा तर मी मालिशच्या तेलाची बाटली माझ्या बॅगेत ठेवून दिली. ती कुठे गेली हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, स्वयंपाकातलं तेल कोमट केलं आणि कामाला लागल्या.

गेल्या सोमवारी लेकीला ताप भरला. तपासणीत साथीचंच निघालं. तिने स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं आणि बाळ बाहेर राहिलं, बाटलीच्या दुधावर.

"आता मात्र मी सांभाळणार हिला," मी म्हटलं.

"सांभाळा की. मी काय पळवून नेतेय?"

दुपारभर पोर रडली. बाटली तोंडात घेईना. टेबलावर ऑफिस मांडून बसलेले जावई दोनदा उठले, दोनदा बसले. विहीणबाई माझ्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घातलेल्याच पुन्हा मोडून घालत होत्या. शेवटी आतून लेकीचा फोन आला. खोकत म्हणाली, "आई, त्यांच्याकडे दे ना तिला. मला नाही ऐकवत."

दिली. दोन फेऱ्यांत पोर गप्प झाली, तिने बाटली संपवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि स्वच्छ भांडी घासत राहिले.

थोड्या वेळाने विहीणबाई झोपलेलं बाळ घेऊन दारात आल्या. "तुम्ही इथे काय करताय? तिच्या दाराशी बसा जाऊन."

"मला कोण विचारतंय?"

"मघाशी मी तिची पेज दाराशी ठेवली. आतून म्हणाली, आई कुठेय, तिला बसायला सांगा. इतके महिने मी केलं तिचं. उठताबसता केलं. पण ताप चढला तर तुम्हीच." मग म्हणाल्या, "मला काही वाटत नाही असं समजू नका."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

तेव्हापासून मी बंद दाराला पाठ लावून बसते आणि तोंडाला येईल ते बोलते. शेजारणीची भांडणं, तिच्या शाळेतल्या खोड्या, काहीही. आतून "हं" येतं. कधी येत नाही, तेव्हा मी दार वाजवते.

ताप अजून उतरलेला नाही. विमानं कधी सुरू होतील कोणास ठाऊक. नात माझ्या शेजारी विहीणबाईंच्या कुशीत झोपली आहे, आणि ते बघून मला आजही जळायला होतं. पण संध्याकाळी त्यांचा खांदा आखडला, तेव्हा गरम पाण्याची पिशवी भरून मीच शेकत बसले. तो खांदा लवकर मोकळा व्हायला हवा. उद्या पोर पुन्हा रडेल.