न पडलेला गडगा

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या आर्कगिल खोऱ्यात मेटकाफांच्या घराने पाच पिढ्या शेताकुरणांच्या कडेचे दगडी गडगे रचले. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड ठेवायचा आणि घरी जायचं. ढगांच्या सावल्या डोंगर चढतात तसे आमचे गडगे चढतात, आणि त्यातले निम्मे ईनॉक मेटकाफच्या हातचे. त्याचा एकुलता मुलगा हेडली मात्र विसाव्या वर्षी लंडनला जाऊन नट झाला.

नट म्हणजे पोस्टरवर असतो तसला नव्हे. चेहरा ओळखीचा आणि नाव आठवत नाही, तसला. एकतीस वर्षांत तो टेलिव्हिजनवर एकोणीस वेळा हवालदार झाला, कितीदा तरी पाद्री झाला, आणि एका मालिकेत तर पडद्यावर सुरुवातीची नावं यायच्या आधीच मेला. ‘आत येऊ का, मॅडम? बातमी चांगली नाही,’ हे त्याने अर्ध्या इंग्लंडला सांगितलं असेल. तो सुट्टीवर आला की पबवाली नेली विचारायची, ह्या वेळी तरी चोर धरलास, का पुन्हा साहेबांनाच बोलावलंस?

ईनॉकने मात्र मुलाच्या ह्या धंद्याबद्दल एकतीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता. बरा नाही, वाईटही नाही. एका जुलैत माझ्या मेंढ्या कातरायला हात लावताना हेडली मला म्हणाला होता, म्हाताऱ्याने नुसत्या शिव्या दिल्या तरी चाललं असतं.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात एक चित्रपट कंपनी आमच्या खोऱ्यात आली. त्यात गडगा रचणाऱ्याचं काम हेडलीला मिळालं. चार वाक्यं होती. ती म्हणत त्याने स्वतःच्या हाताने गडगा रचायचा, मग उलटी मागे येणारी एक लॉरी गडग्याला टेकणार आणि तो कोसळणार. दिग्दर्शक जूलियन पेनरोज पोरगेलासा पण सभ्य होता. हा प्रसंग साधला, तर पुढच्या चित्रपटातल्या खानावळवाल्याचं काम तुमचंच, असं त्याने कबूल केलं होतं. खानावळवाला पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. हेडली एक्कावन्न वर्षांचा होता. असं काम आजवर आलं नव्हतं आणि पुन्हा येणार नव्हतं.

जूलियनने सांगितलं, कच्चा रचा, मिस्टर मेटकाफ. लॉरी एका दुपारपुरतीच मिळाली होती.

सगळं खोरं घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास आणि मटण भरलेले पॅटिस घेऊन रस्त्याच्या कडेला बसलं. ब्याऐंशी वर्षांचा ईनॉक समोर पालथ्या बादलीवर काठी धरून बसला.

कच्चा कसा रचायचा हे हेडलीला ठाऊक होतं. दोन्ही अंगं बांधून ठेवणारे लांब आरपार दगड गाळायचे, पोटात बारीक दगडांच्या चिपा भरायच्या नाहीत, की झालं. पण कॅमेरा सुरू झाला आणि त्याचं सगळं चित्त त्या चार वाक्यांत गेलं. ओठ वाक्यं म्हणत होते. हातांकडे त्याचं लक्षच नव्हतं, म्हणून हातांनी त्यांना येत होतं ते केलं. वरचे उभे दगड बसवताना त्याने खाली पाहिलं, तेव्हा आत तीन आरपार दगड बसले होते आणि पोट चिपांनी गच्च भरलं होतं. त्याचा चेहरा उतरला. पण ऊनही उतरत होतं, पुन्हा रचायला वेळ नव्हता.

लॉरी मागे आली. गडगा हलला नाही, लॉरीचं मागचं फळकूट वाकलं. जूलियन अदबीने म्हणाला, थोडं जोरात येऊ या. दुसऱ्यांदा मागचा दिवा फुटला. तिसऱ्यांदा ड्रायव्हर खाली उतरला, लॉरी मेहुण्याची आहे म्हणाला, आणि त्याने सिगारेट पेटवली. तेवढ्यात सूर्य कड्यामागे गेला.

जूलियनने हेडलीचा हात हातात घेऊन अप्रतिम, अप्रतिम, असं दोनदा म्हटलं. त्याच्या मंडळींत ह्याचा अर्थ सगळं संपलं असा होतो. खानावळवाला दुसऱ्याला गेला. ह्या चित्रपटात हेडली अकरा सेकंद आहे, पाठमोरा.

गाड्या गेल्यावर ईनॉक उठून रस्ता ओलांडून आला. त्याने गडग्यावरून घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा फिरवला.

“चौथ्या थराला सांधा सांध्यावर आलाय.”

एवढी एकच चूक काढून तो थांबला, तसं आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्याही गडग्यात सातपेक्षा कमी चुका म्हाताऱ्याने कधी काढल्या नव्हत्या.

“माझं लक्ष वाक्यांकडे होतं, डॅड.”

“दिसलं.”

सकाळची लंडनची गाडी हेडलीशिवाय गेली. मी मेंढ्या घेऊन निघालो, तेव्हा बापलेक गडगा चौथ्या थरापर्यंत उकलून बसले होते. ईनॉक एकेक दगड हातात देत होता. देता देता म्हणाला, “फेब्रुवारीतला तो हवालदार. म्हातारीला नवऱ्याची बातमी सांगायला गेलास तो.”

हेडलीचा हात थांबला.

“दारात फार रेंगाळलास. वाईट बातमी आणणारा माणूस ती टाकून मोकळा होतो.”

“दिग्दर्शकाने थांबायला सांगितलं होतं.”

“दिग्दर्शकाने हा पाडायलाही सांगितला होता.”

हेडलीने हातातला दगड फिरवून त्याची बाजू पाहिली. मग त्याने विचारलं, “आणि पाद्री, डॅड?”

“कुठला? सहा झालेत.”

हेडलीने दगड खाली ठेवला. दोघे गडग्याला पाठ टेकून गवतात बसले आणि ईनॉकने पहिल्या पाद्र्यापासून सुरुवात केली. माझ्या मेंढ्या पुढे गेल्या होत्या, त्यामुळे मला तिसऱ्यापर्यंतच ऐकायला मिळालं. तिसऱ्याला चष्मा शोभत नव्हता.