घड्याळानं मंजूर केलेली भाकरी

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून मी पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. दिवसाला पंधराशे कॅलरी खायच्या, जास्त चाललं तर तेवढं जास्त खायची मुभा, असा त्याचा नियम. माझी चूक एवढीच, की हा नियम मी आईला समजावून सांगितला.

"म्हंजे आता मी न्हाय, ते घड्याळ तुला वाढणार?" तिनं विचारलं आणि गप्प बसली. आई गप्प बसली की आमच्या शहापूरच्या घरात काहीतरी शिजत असतं.

पुढचे पंधरा दिवस घड्याळ माझ्यावर लई खूश. सकाळी फिरून, आंघोळ उरकून ताटावर बसेपर्यंत पावलांचा आकडा भलताच फुगलेला असायचा. मला वाटायचं, काय चालतोय मी! आई ताटात एक भाकरी जादा टाकायची. "खा रं, घड्याळच म्हणतंय."

वजन मात्र दोन किलोनं वाढलं. घड्याळ विकणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

एकदा गिझर बंद पडला म्हणून आंघोळ न करताच मोरीतनं बाहेर आलो. आई गॅसपाशी धपाधप भाकरी थापत होती, आणि तिच्या मनगटावर पिठानं माखलेलं माझं घड्याळ पावलं मोजत होतं.

"हे काय गं आई?"

"काय म्हंजे?" तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली. "घाम मी गाळायचा आन् खायचं तू. जन्मल्यापासनं दुसरं काय चाललंय रं?"