मन्मथअप्पांनी लावलेले शेवटचे रीळ

मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट घाटनांदूरच्या बाजारात झाली. मी कामाच्या शोधात होतो आणि त्यांना फिरत्या टॉकीजसाठी भोंग्यावर बोलणारा माणूस हवा होता. त्यांनी मला जाहिरात बोलून दाखवायला सांगितली. "आवाज बरा हाय, पर खोटं लई बोलतोस," ते म्हणाले. न पाहिलेल्या सिनेमाला मी अप्रतिम म्हटले होते. त्यांनी आधी मला तो सिनेमा दाखवला, मग कामावर घेतले.

अप्पांनी आता पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. त्यानिमित्त आमच्या गावात त्यांचा सत्कार आहे आणि त्यासाठी हा लेख मागवला आहे. प्रत्येक खेळाआधी ते सिनेमाच्या मशीनला भस्म लावत. इतर तंबूंत बायकांना कोपरा मिळे. अप्पांच्या तंबूत त्यांची बाजू पडद्यासमोर नीट यावी म्हणून ते स्वतः खुंट्या ठोकत.

'जत्रेतला तो वाद' लेखात नको, असे गौरव समितीने मला कळवले आहे. समितीतले तिघे त्या वादात होते. म्हणून तोच लिहितो.

माझी बहीण सुनंदा तेव्हा माहेरी होती. तिचे सासर आमच्या गावातलेच. नवऱ्याने तिला घराबाहेर काढून वर घटस्फोटाची नोटीस पाठवली होती. 'चूक माझी आहे' असे लिहिलेल्या कागदावर तिने सही करावी, म्हणून गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बैठक ठरली होती. नवऱ्याची भावकी जत्रेच्या कमिटीत होती.

त्या जत्रेत अप्पांनी एक जुना विनोदी सिनेमा आणला. घटस्फोटाला निघालेले नवरा-बायको भांडीकुंडी वाटून घेतात आणि चहाच्या एका किटलीवरून कोर्टापर्यंत भांडतात. लोक पोट धरून हसत होते. शेवटच्या रिळात नवरा बायकोच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीसमोर माफी मागतो.

आमच्याकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबे. तेवढ्यात जत्रेच्या कमिटीतले ते तिघे आले.

"अप्पा, इथंच गुंडाळा. नवरा हात जोडताना बायकांला दाखवताव व्हय? उद्या आमच्या सुना बी हेच मागतील." मग एक जण माझ्याकडे वळला. "आन् तू बे, सांग भोंग्यावर, खेळ संपला म्हणून."

मी सांगितले. समोर माझी बहीण बसली होती, तरी सांगितले. त्या तिघांचा येतो तितकाच संताप मला आजही स्वतःचा येतो.

अप्पांनी माझ्या हातून भोंगा घेतला. "बसा माय, शेवट राहिलाय."

पुढच्या साली तंबूला जागा मिळणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले.

"नका देऊ. भांडण पोटभर दाखिवलं. आता समजूत न दाखवताच उठवू का ह्यांला?"

आणि त्यांनी रीळ लावले. बायकांच्या बाजूला कोणी हसले नाही.

सकाळी बैठकीत सुनंदाशेजारी कोणी बसेना. मी भिंतीला टेकून उभा होतो. अप्पा न बोलावता आले आणि तिच्या जवळ बसले. सुनंदाने कागद वाचला. "सही करते," ती म्हणाली. "पर चूक माझी हाय, ही ओळ आधी खोडा. आन् मला हाकललं, त्याची माफी मागा."

माफी कोणी मागितली नाही. ओळ मात्र खोडावी लागली.

त्यानंतर आसपासच्या कोणत्याही जत्रेत अप्पांना जागा मिळाली नाही. त्या तिघांनी गावोगाव निरोप धाडले होते. अप्पांनी तंबू विकला, मशीन विकले, आणि आमच्या घरी येऊन याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मला ते दुसऱ्यांकडून कळले. सुनंदा आज माजलगावात शिवणवर्ग चालवते.

आता तीच माणसे अप्पांच्या खांद्यावर शाल घालणार आहेत. शालीखाली सगळे झाकले जाईल, असे त्यांना वाटत असावे. शाल जरूर घाला. पण त्याआधी, सगळ्यांसमोर, अप्पांची आणि सुनंदाची माफी मागा. ती समारंभाला येणार आहे.

अप्पांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो, हे मी वैजनाथाकडे रोज मागतो. ही माणसे लवकर तोंड उघडणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून ती माफी ऐकता येईल इतके लांब आयुष्य अप्पांना मिळो.